केसरीचा कान आणि चार स्क्रूंचा डबा

सकाळचे सात वाजून वीस मिनिटं झाली होती आणि केसरीनाथ तरे पांढऱ्या बलेनोच्या डॅशबोर्डखाली डोकं घालून, पाय दाराबाहेर सोडून उताणा पडला होता. दातांत चिकटपट्टीचा तुकडा, कपाळाला बांधलेली बॅटरी. तारीख २३ नोव्हेंबर २००६, वार गुरुवार. गाडीच्या कॉम्प्युटरकडे जाणाऱ्या वायरींपैकी पाच त्याने कापल्या होत्या आणि त्यांच्या मध्ये सिगारेटच्या पाकिटाहून जरासा मोठा काळा डबा जोडला होता. डब्याच्या तोंडाशी चार बारीक स्क्रू होते. ते फिरवायला लागणारा पेचकस केसरीनाथकडे वीस वर्षांपासून होता.

गाडी वळगावच्या कुणाल म्हात्रेची. कुणालच्या आजोबांनी जिथे भात लावला तिथे आता सहा गोदामं उभी होती आणि कुणालला गाडीत पिकअप कमी वाटत होता. डबा त्याचा चुलतभाऊ बँकॉकहून घेऊन आला होता. कुणालची आई केसरीनाथच्याच राहनाळ गावची, त्यामुळे राहनाळमधला चाळिशीपुढचा प्रत्येक पुरुष त्याचा मामा. दोन आठवड्यांपूर्वी तो गॅरेजच्या दारात उभा राहून म्हणाला होता, "मामा, पुणं की डबा? एकच सांगा."

पुणं म्हणजे तिथला एक ट्यूनर. तो गाडीचा मूळ कॉम्प्युटर उघडून आतला प्रोग्रॅमच नव्याने लिहायचा. गाडी रोलरवर चढवायची, इंजिनाला बोटाएवढा मायक्रोफोन लावायचा आणि दोन दिवस ती जागच्या जागी शंभरच्या वेगाने पळवायची. शिंप्याने अंगावर माप घेऊन कपडा शिवावा तसं त्या एकाच इंजिनाच्या मापाचं काम. डब्याची तऱ्हा वेगळी. तो मूळ कॉम्प्युटरला हात लावत नाही, त्याच्याकडे जाणारे निरोप वाटेत बदलतो. इंजिनात हवा जास्त आली तर हा सांगतो कमी आली. कॉम्प्युटरला ते खरं वाटतं, तो ठिणगी थोडी आधी टाकतो आणि गाडी उचल खाते. निरोप किती बदलायचा ते त्या चार स्क्रूंवर.

"डबा," केसरीनाथ म्हणाला होता.

"का पण?"

"पुण्यावरना आलेला कॉम्प्युटर परत पयल्यासारखा होत न्हाय. डबा नको झाला तं ईस मिंटांत काढून हातात देतो. आन् गाडी डोळ्यासमोर ऱ्हाते."

तिन्ही कारणं खरी होती. चौथं तो बोलला नाही. पुण्यात ऐकायचं काम मायक्रोफोन करणार होता. डबा बसवला तर ते काम राहनाळमध्येच राहणार होतं.

ऐकणं हाच केसरीनाथचा धंदा. १९७३ साली, अठराव्या वर्षी, तो भिवंडीतल्या अठ्ठेचाळीस लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, कारखान्यात जॉबर म्हणून लागला. लूम बिघडला की दुरुस्त करणारा तो जॉबर. अठ्ठेचाळीस लूम एका छपराखाली धडधडत असताना कुठल्या लूमचा आडवा धागा नेणारा धोटा वाकडा पळतोय हे तो दारातून सांगायचा. मालक कोणी नवा माणूस आला की त्याला मुद्दाम दारात उभं करायचा आणि पैज लावायचा. अकरा वर्षं ही ड्युटी झाली. १९८४ला त्याने राहनाळच्या रस्त्याला पत्र्याचं गॅरेज टाकलं.

पुढची बारा-तेरा वर्षं त्याची खरी वर्षं. फियाटच्या काळात गाडीचं ट्यूनिंग म्हणजे कार्बोरेटर, आणि कार्बोरेटर म्हणजे कान. टॅक्सीवाले शहापूरहून यायचे, मुरबाडहून यायचे. केसरीनाथ खिशातून लुमाची जुनी लाकडी कांडी काढायचा. धागा गुंडाळायची ही पोकळ नळी. तिचं एक टोक इंजिनाला, एक कानाला. डोळे मिटायचा. स्क्रू पाव आटा इकडे, अर्धा पाव तिकडे. भोवती माणसं चहाचे ग्लास धरून गप्प उभी, कारण कोणी बोललं की तो हात थांबवून त्याच्याकडे बघायचा आणि ते बघणं पुरेसं असायचं. मग इंजिनाचा घोगरेपणा जायचा, गाडी एका सुरात लागायची, आणि कोणीतरी म्हणायचं, "बसला." एवढा एकच शब्द. हॉटेलात, पेट्रोलपंपावर लोक एकमेकांना सांगत, गाडीला केसरीचा कान लावून आण.

मग कार्बोरेटर गेले. नव्या गाड्यांना कॉम्प्युटर आले, त्यांना वायर लावून पडद्यावर आकडे वाचणारी पोरं आली. केसरीनाथने कुरकुर केली नाही. क्लच, ब्रेक, सस्पेन्शन, ही कामं होतीच. पण गाडी बसवायला कोणी येईना. चार स्क्रूंचा डबा कुणालने बाकड्यावर ठेवला तेव्हा त्याने तो दोनदा उचलून पाहिला होता.

साडेदहापर्यंत काम झालं. रिकामी गाडी त्याने गोदामांच्या रस्त्यावर फिरवली, स्क्रू लावले, पुन्हा फिरवली. कुठे आवाज नाही. उलट गाडी अशी ओढत होती की त्याने स्क्रू आणखी पाव आटा पुढे नेले. तरीही आवाज नाही. गाडी चारला कुणालच्या ताब्यात द्यायची होती. भार टाकून एकदा चढावर बघायला हवी म्हणून त्याने अंबाडीचा रस्ता ठरवला, आणि त्याची बायको मैना लगेच मागच्या सीटवर नव्या तांदळाची गोणी चढवून पुढे येऊन बसली. तिची थोरली बहीण ठमाबाई त्याच रस्त्याला पुढे वज्रेश्वरीला असते.

"ट्रायलला चाललोय, जत्रंला न्हाय," केसरीनाथ म्हणाला.

"मंग मी पण वजनच हाय. टाका भार."

अंबाडीच्या अलीकडे चढ लागला. केसरीनाथने गाडी तिसऱ्यात ठेवून पाय दाबला. गाडी छान उचलत होती. मैना खिडकीतून बाहेर बघत होती ती वळली.

"काय फुटतंय?"

"कुठं काय?"

"फुटाणे भाजल्यावानी. टिणटिणटिण. पुढना येतंय."

"काही न्हाय फुटत. पिकअप हाय तो."

"आता थांबलं." गाडी सपाटीला आली होती.

त्याने गाडी फिरवली, खाली नेली, पुन्हा चढावर घेतली. मैनाने पुन्हा तेच सांगितलं. तिने सांगितलेला आवाज त्याला चांगला माहीत होता. ठिणगी फार आधी पडली की पेट्रोल वेळेआधी फुटतं आणि पिस्टनवर बारीक हातोडीचे ठोके पडतात. मेकॅनिक त्याला नॉकिंग म्हणतात. तिकडे दुर्लक्ष केलं तर थोड्याच महिन्यांत पिस्टनला भोक पडतं. हा आवाज त्याने शेकडो गाड्यांतून काढला होता. आता तो चढावर, खिडक्या बंद करून, श्वास रोखून ऐकत होता, आणि त्याला इंजिनाची भरदार घरघर तेवढी येत होती. तिच्यावर काहीच नव्हतं.

रस्त्याच्या कडेला त्याने गाडी उभी केली.

"कदीपासना?" त्याने विचारलं. मैनाला काय विचारलंय ते कळलं.

"दोन वर्सं झाली आसतील. मोबाईल वाजतो तं तुमी उठत न्हाय. कुकरची शिट्टी ऐकत न्हाय. जाड आवाज येतान तुमाला, बारीक येत न्हाय."

"आन् बोलली न्हाय?"

"तुमी इचारलं कवा?"

लुमाचा आवाज कानाचे बारीक सूर आधी खातो, जाड शेवटी. नॉकिंग बारीक. माणसाला स्वतःला ते कळत नाही, कारण बोलणं ऐकू येत राहतं. आणि भिवंडीत तर कळायचा प्रश्नच नाही. इथे भाजीवाली ओरडते, मास्तर ओरडतात, लग्नाची बोलणीसुद्धा दोन घरं सोडून ऐकू जातील अशी होतात, कारण भिंतीपलीकडे कुठेतरी लूम चालू असतोच. शिवाय कारखान्यात राहिलेला माणूस ओठ वाचायला शिकतो. दुसऱ्या गावात बहिरा ठरला असता तो माणूस इथे वर्षानुवर्षं चारचौघांसारखा वावरतो. केसरीनाथ तसाच वावरला होता.

वज्रेश्वरीला तांदूळ उतरवला. ठमाबाईने चहा केला, तो त्याने गरम असतानाच घशाखाली ढकलला. परत येताना त्याच टेकाडाची दुसरी बाजू चढायची होती. त्याने मैनाला काही सांगितलं नाही, फक्त पाय दाबला. आणि तिने, बोलून उपयोग नाही म्हणून असेल किंवा जुन्या सवयीने असेल, त्याच्या नजरेसमोर हात धरून दोन बोटं कात्रीसारखी हलवली.

धागा तुटला.

मैना त्याच कारखान्यात कांडी भरायला होती. तिथे तोंडाने बोलणं शक्य नव्हतं, सगळं हाताने. दोन बोटांची कात्री म्हणजे धागा तुटला, उपडा तळवा म्हणजे लूम थांबव, मूठ उघडली की कांडी संपली. त्यांचं लग्न ठरायच्या आधीचं सगळं बोलणं याच खुणांत झालेलं. कांडी संपली नसताना ती दिवसातून चार वेळा मूठ उघडायची आणि हा हातातलं काम टाकून धावत यायचा, हे कारखान्यातल्या सगळ्यांना माहीत होतं, मालकालाही.

केसरीनाथने पाय उचलला. बोटं थांबली. पुन्हा दाबला, पुन्हा कात्री. इंजिनाचे फेरे दाखवणाऱ्या काट्याकडे बघून त्याने आकडा लक्षात ठेवला: तीन हजार दोनशे. गाडी थांबवून एक स्क्रू मागे घेतला, पुन्हा चढ. आता कात्री तीन हजार सहाशेला. खोक्याच्या पुठ्ठ्यावर त्याने दोन्ही आकडे लिहिले. तिसऱ्या फेरीला मैना म्हणाली, "भाकऱ्या करायच्यात मना." ते परत आले.

कुणाल चारला येण्याऐवजी पावणेचारलाच आला. चावीसाठी हात पुढे करूनच रिक्षातून उतरला.

"बसली का मामा?"

"न्हाय. नॉकिंग हाय."

"मग काढा ना. तुमच्या कानाला काय अवघड?"

केसरीनाथचा मोबाईल मागच्या बाकड्यावर, पान्यांच्या ट्रेमध्ये पडला होता. तो रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला. "माझ्या नंबरला फोन लाव."

"समोर तर आहात!"

"लाव."

कुणालने लावला.

"वाजतो?"

"वाजतोय ना. हा काय, मागंच हाय."

"मना न्हाय वाजत."

कुणाल हसला, आणि मग त्याने केसरीनाथचा चेहरा पाहिला. फोन वाजत राहिला. शेवटी मैनानेच येऊन तो बंद केला.

"नॉकिंग हिनं ऐकलं," केसरीनाथ म्हणाला. "सकाळी मी गाडी ठीक म्हणून तुला देणार होतो. पावसाळ्याच्या आत पिस्टन गेला आसता. डबा आता काढतो, गाडी व्हती तशी करून देतो. तू पुण्याला ने. तिथं मशीन ऐकतं, त्याला वय न्हाय."

तो पेचकस घेऊन दार उघडू लागला. कुणाल बोनेटला टेकून उभा होता.

"थांबा की मामा. मामी, तुला नीट ऐकू येतं का?"

"तुझ्या आईनं तुला सकाळी काय शिव्या दिल्या त्या पण ऐकू आल्या. वळगाववरना."

"आणि नाही समजलं एखादा आवाज, तर?"

"तं बोलीन न्हाय समजला. ह्यांच्यावानी गप न्हाय बसनार."

केसरीनाथने मान खाली घातली आणि त्याला हसू आलं. कुणालने त्याला विचारलं, "डबा आणि मामी मिळून पिकअप किती मिळेल?"

"पुण्यापेक्षा कमी. पन पिस्टन शाबूत ऱ्हाईल, आन् नको झालं तं ईस मिंटांत निघंल. लय पाह्यजे आसंल तं पुणंच. मी खोटं सांगनार न्हाय."

कुणालने थोडा विचार केला. पुण्याला गाडी चार दिवस अडकली असती आणि रविवारी त्याला साखरपुड्याला जायचं होतं. "पुणं नंतर बघू," तो म्हणाला. "आधी मामीचं ट्यूनिंग. पण काम कोणी केलं म्हणून सांगू लोकांना?"

"जे झालं तेच सांग," केसरीनाथ म्हणाला. "स्क्रू मी फिरवले, ऐकलं हिनं."

हे तो मोठ्याने म्हणाला. शेजारच्या वेल्डिंगवाल्याने मान वर करून बघितलं.

कुणाल रिक्षाने गेला. केसरीनाथने चावी गॅरेजच्या खिळ्याला लावली आणि पुठ्ठा डॅशबोर्डवर ठेवला. त्यावर दोन आकडे आहेत, आणखी चार-पाच यायचे आहेत. अंबाडीचा चढ ट्रकांची गर्दी व्हायच्या आत गाठायचा म्हणून त्याने सकाळी सहाची वेळ काढली होती. मैनाने ती बदलली. नळाला पाणी पावणेसहाला येतं आणि साडेसहाला जातं. उद्या शुक्रवारी गाडी सहा चाळीसला निघेल.