रोझाबायचं पिंप आणि दारूबंदीचे साहेब

भूतबीत, करणीबिरणी ऐकलं की मला हसू येतं, आजही. तेव्हा तर विचारूच नका! नुकती मॅट्रिक झालेली, दोन वेण्या आणि शास्त्राच्या पुस्तकातली चार वाक्यं पाठ... एवढ्या भांडवलावर मी बदलापुरात सगळ्यांना अक्कल शिकवत फिरायचे. त्या शहाणीची कशी फजिती झाली, ते सांगते.

सन पन्नासच्या आसपासची गोष्ट. बेलवलीला रोझाबायची जांभळाची वाडी होती, माझे अप्पा तिथे दिवाणजी. तिच्या पणजीपासून त्या घरात जांभळाची वाईन व्हायची. साखर नाही, खमीर नाही. दरवर्षी नवा रस घालायचा तो जुन्या वाईनवर — तळघरातलं सागवानी पिंप कधी पुरतं रिकामं करायचंच नाही. तळाशी राहिलेल्या त्या वाईनला रोझाबाय 'आई' म्हणायची. तोटी उघडण्याआधी पिंपावर टकटक करायची आणि कोण आलंय ते आईला सांगायचं, असा रिवाज.

"पिंपाला कान असतात का हो, बाय?" मी विचारायचे.

"तुझ्यापेक्षा बरे असतात," ती म्हणायची.

मग दारूबंदी आली. अप्पा काकुळतीला आले. "बाय, ओतून टाका. धाड पडली तर तुम्हीही आत, मीही आत!"

"आईला गटारात ओतू, दिवाणजी?"

आणि एका दुपारी साहेब आलेच. तळघरात मी कंदील धरून उभी, अप्पांचा चेहरा पांढराफटक. रोझाबायने टकटक केली.

"आई, दारूबंदीवाले आलेत गो."

साहेबांनी पेला भरला, तोंडाला लावला आणि असे ठसकले! "अहो, हा तर सिरका आहे, व्हिनेगर!"

मीही चाखून पाहिलं. दात आंबले. अस्सल सिरका! आदल्याच रविवारी बायने मला घोटभर चव दिली होती, तेव्हा तर...

साहेब गेले. अप्पा देवाला हात जोडत होते आणि रोझाबाय पायरीवर बसून हमसून हमसून रडत होती. "मेली गो माझी आई. पणजीनं जपली, माझ्या हातून गेली."

मी समजूत घालायला गेले — म्हणजे लेक्चर द्यायला! "हवा लागली की आंबतं, बाय. शास्त्र आहे ते. आणि एकदा सिरका झाला की परत वाईन होत नाही. थांबा, दाखवते." तिला जरा हसू यावं म्हणून मीही टकटक केली. "आई, मी कुसुम. दिवाणजींची."

पेला भरला. वासानेच माझं लेक्चर संपलं.

वाईन. तीच, रविवारची.

पिंप तेच, तोटी तीच, पेलाही तोच. बायने घोट घेतला, छातीवर क्रूस काढला. "काय केलंस गो तू?"

"मी? मी काहीच नाही!"

"मग कोणी?"

अप्पांनी पेल्यात बोट बुडवून जिभेला लावलं — जन्मात पहिल्यांदा. मग म्हणाले, "कुसुम, वर जा."

माझी जीभ चुकली म्हणावं, तर साहेब का ठसकले? उत्तर मला आजवर सापडलेलं नाही. आमच्या स्वयंपाकघरात सिरक्याची बाटली असते. सून बाहेर गेली की मी हळूच टकटक करते, नाव सांगते, चाखते...

अजून तरी सिरकाच.