पुस्तकातली आजी मेली म्हणून

पुस्तकात आजी मेली आन पोरगी बोलली. ते वाचून मी अकलोलीला बहिणीकडं निघून गेले. म्हटलं, मरायला अजून टायम हाय, तवर नुसतं जाऊन बघू.

माझी नात नऊ वरसांची हाय. बोलत न्हाय. गुणगुणते, रागावली तर किंचाळते, पण शब्द म्हणाल तर एक न्हाय. डोळ्यात बघत न्हाय. डब्याचं झाकण जमिनीवर भिंगरीसारखं फिरवते, ते थांबलं का परत फिरवते. ठाण्याच्या दवाखान्यात डॉक्टर मॅडमनी दुखण्याचं नाव सांगितलं, मला ते ऐकू आलं आटीजम. लग्न होऊन कामतघरला आले तवापासनं मी लूमवाल्याकडं सुताच्या कांड्या भरल्या, हात थरथरायला लागला तवा सोडलं. सुताची आटी काय असते ते मला कोण सांगणार? मी म्हटलं, "मॅडम, आटी जमली, गुंता झाला, तर वढायचं न्हाय. दमानं उकलायचं. मी उकलीन." सून मागनं माझा पदर खेचत व्हती. सून मला आत्या म्हणते. "आत्या, गप बसा."

मॅडम चांगली बाई. म्हणाली, "आजी, हा गुंता नाही. ती अशीच आहे, अशीच मोठी होईल. तुम्ही तिची रीत शिकून घ्या."

रीत मी शिकले. पण गुंता काय डोक्यातनं गेला न्हाय.

आमची एक खोली. भिंतीपलीकडं लूमचा गाळा. आमाला बोलायचं तर वरडून बोलावं लागतं, पण पोरीला तो खटाखट आवाज लागतो. लूम चालू असला तरच जेवते. ताट चालत न्हाय, झाकणातच भात पायजे. नुसता पांढरा, वर डाळीचा थेंब न्हाय. तोंड भिंतीकडं. मी तीन बोटांनी बोराएवढा घास करायचा आन बाजूनं द्यायचा. शुक्रवारी लूम बंद, तवा ती डोकं आपटायची. मंग मी डाव्या हातानं जुनी लाकडी कांडी भिंतीवर ठोकायची आन उजव्या हातानं घास भरवायची. आईच्या हातचं थुंकून टाकायची. बापाच्या हातचा प्रश्नच न्हाय, तो ट्रकवर, आठ आठ दिवस घरी नसतो. चाळीतल्या बाया म्हणायच्या, "आजी हाय म्हणून जगली पोर." मला ते ऐकायला बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू.

पण त्याच बाया पुढं म्हणायच्या, "आन तुमी गेल्यावर गो?" ते मंग दिवसभर टोचत राहायचं. कपडे धुताना, पाणी भरताना. मी गेल्यावर हिच्या तोंडात घास कोण घालणार? एका जागी बसवेना मला.

आता मी एका रद्दीच्या गोडाउनात कागद निवडते. पोरीला बरोबर नेते, ती गठ्ठ्यावर बसून झाकण फिरवते. शाळांच्या कपाटातली जुनी पुस्तकं गोणी भरभरून येतात. पुस्तक हातात घ्यायचं, पुठ्ठ्याचं कव्हर फाडून पुठ्ठ्याच्या ढिगात टाकायचं, आतला कागद दुसऱ्या ढिगात. म्हणून ह्या पुस्तकांची नावं मला इचारू नका, लिहिणाऱ्याचंही न्हाय. नाव मीच फाडलेलं असतं.

एक दिवस कव्हर फाडलं तर आत चित्र. एक पोरगी, भिंतीकडं तोंड, म्होरं वाटी गरागरा फिरतेय. बाजूला म्हातारी बसलेली. मी पोरीकडं बघितलं, परत चित्राकडं बघितलं. हात थांबला माझा.

सेठ आमचा कोकणी मुसलमान, माझ्याच वयाचा. खुर्चीवरनं म्हणाला, "काय गो म्हातारे, रद्दी वाचतंस? मास्तरीण व्हयाचा हाय?"

"घरी नेऊ का सेठ?"

"ने. पण शहाणी होऊन उद्या कामाला न्हाय म्हणू नको म्हंजे झालं."

मी दुसरी शिकलेली. अक्षराला अक्षर जोडून वाचते, तवर पहिलं अक्षर इसरते. एक पान वाचायला मला दुपारची सगळी चहाची सुट्टी पुरायची न्हाय. महिना लागला त्या एका गोष्टीला. गोष्टीतली पोरगी बोलत न्हाय, गाव तिला खुळी म्हणतो, दगड मारतो. आई हाय, पण तिचं तोंडच दिसत न्हाय. सगळं आजी करते. कधी दमत न्हाय, कधी वरडत न्हाय, सदा हसते. मंग आजी आजारी पडते, मरते. तिला उचलायला येतात आन तवाच पोरगी वरडते, "आजी!" तिथनं पुढं ती बोलायलाच लागते. शाळेत जाते. पहिला नंबर येतो.

मी ते पान चार वेळा वाचलं. अक्षरं चुकली का म्हणून.

मंग मी ढिगातनं तसलीच पुस्तकं हुडकायला लागले. सगळी जुनी, पिवळी पडलेली. एकात पोरगा व्हता, तो पाखरांचे आवाज काढायचा, माणसांशी बोलायचा न्हाय. शहाण्या पोराला वाचवताना तो नदीत बुडला. मंग शहाणं पोर रडलं आन चांगलं वागायला लागलं. म्हणजे आमचं पोर कशाला, तर दुसऱ्याच्या पोराला अक्कल यावी म्हणून. एकात पोराची आई नोकरीला जाते, लिपस्टिक लावते, म्हणून पोर मुकं झालेलं. मामीनं माया लावली आन सुधारलं. बरं व्हायचं न्हायतर मरायचं, आमच्या लेकरांना पुस्तकात तिसरा रस्ताच न्हाय. आन त्यांच्यापायी राबणारी बाई एकतर देवी, न्हायतर डाकीण. नऊ वरसांच्या पोरीचं पोट बिघडलं तर चादर कोण धुतं, केस इंचरताना ती कशी चावते, ते एकाही पुस्तकात न्हाय.

तो नोकरीवाल्या आईचा भाग मी सुनेला वाचून दाखवला. मला वाटलं हसंल. ती कोन गावात एका गोडाउनात खोके भरते, शिफ्टवरनं आली व्हती, पाय चोळत बसली व्हती. पाय चोळायची थांबली.

"म्हणजे माझ्यामुळं म्हणा की."

"मी कुठं म्हणते? पुस्तकात हाय."

"पुस्तक कोणी आणलं घरात?"

उठली आन भांडी घासायला घेतली. घासलेलीच परत घासत व्हती.

हे सगळं समजत असून पण मी त्या मेलेल्या आजीपाशी अडकले. बाकी पुस्तकं खोटी, पण ही एक खरी असली तर? माझ्यामुळंच पोरीचं तोंड बंद असंल तर? मी सगळं न मागता देते, मंग ती बोलंल कशाला? घास भरवताना हात थबकायचा. ती बिनबघता तोंड उघडून बसलेली, आन मी हातात भात घेऊन इचार करत बसलेली.

शेवटी मी सुनेला सांगितलं, अकलोलीची मावशी, म्हणजे माझी बहीण, तापानं फणफणलीय, तीन दिवस जाते. सेठला बी तेच सांगितलं. सून घाबरली. "आन ही?"

"तू आई हायस ना तिची?" म्हटलं. मी असं कधी बोलत न्हाय.

बहीण माझी धडधाकट. गरम पाण्याच्या कुंडावर येणाऱ्या माणसांना फुलं-नारळ इकते. मला बघून खूश झाली. मी कुंडात पाय सोडले आन काढले. जेवायला बसले आन उठले. रस्त्यापर्यंत जायची, एसटी बघायची, परत यायची.

"काय गो," बहीण म्हणाली, "बूड टेकत न्हाय तुझं. कुंडात भाजलं काय?"

"लूमचा आवाज न्हाय इथं. कसंतरीच वाटतं."

"मेली, आमच्याच डोंगरातली तू. आता तुला पाखरं खुपतात?"

दुसऱ्या दिवशी सकाळी भाच्याच्या मोबाईलवर सुनेचा फोन. पोरीनं काल दुपारपासनं दाणा खाल्ला न्हाय. मनगट चावून घेतलं. "आत्या, या तुमी."

मी म्हटलं, "मावशीचा ताप उतरला न्हाय." मावशी म्होरं भाकरी मोडत बसली व्हती. ती चावायची थांबली, माझ्याकडं बघत राहिली.

"बोलली का काय?" मी इचारलं.

"कोण?"

"पोरगी. काय शब्द बोलली का? मला हाक बिक?"

पलीकडनं सुनेनं फोन कापला. 

बहिणीला मंग सगळं सांगावं लागलं. ती हसली न्हाय. म्हणाली, "तू पोरीला उपाशी ठेवलीस ती पुस्तकात लिवलंय म्हणून? आपला गावदेव बी येवढी परीक्षा घेत न्हाय गो."

तरी मी गेले न्हाय. आता गेले तर तिचे उपास फुकट जातील, असं वाटलं. माझ्या मनाला मी काय म्हणू, दगड म्हणू का खुळं म्हणू. संध्याकाळी फोनची वाट बघितली. आला न्हाय. मी करायला लावला तर उचलला न्हाय. तिसऱ्या दिवशी पहिली एसटी पकडली. सगळ्या रस्त्यानं मी उभीच. कंडक्टर म्हणाला, "आजी, गाडी रिकामी हाय, बसा की." मी उभीच.

घरी आले तवा पोरीच्या जेवायची येळ झालेली. शुक्रवार. लूम बंद. पण दारातनं खटाखट ऐकू आलं. आत बघते तर जमिनीवर मोबाईल, त्याच्यात लूमचा आवाज भरून ठेवलेला. सून आन पोरगी पाठीला पाठ लावून बसलेल्या. पोरीच्या मनगटावर दातांचा काळानिळा वळ. म्होरं झाकण, झाकणात भात. आन ती तिच्या हातानं खात व्हती. पाची बोटांनी, सांडत, पण खात व्हती.

मी दारातच उभी राहिले. नऊ वरसं मी भरवलं. तिला हात हाय हे माझ्या ध्यानातच आलं न्हाय.

सून मागं न बघता म्हणाली, "काल सांजेला खाल्लं. मी भात ठेवला आन तोंड फिरवलं. बघत बसलं तर खात न्हाय." मंग म्हणाली, "ताप उतरला मावशीचा?"

मी खरं सांगितलं. पिशवीतनं पुस्तक काढून दिलं. सुनेनं शेवटचं पान वाचलं, ती दहावी शिकलेली, भराभर वाचते. मला वाटलं आता फेकून मारंल.

"आत्या, ह्या आजीला मरायला काय झालेलं? धड हिंडत फिरत व्हती. लिहिणाऱ्याला पुढं काय सुचलं न्हाय, म्हणून मारली तिला." परत पान बघितलं. "पोरीला बोलती केली ती पण त्याच्यासाठीच. मुकी ठेवली असती तर गोष्ट संपवता आली असती का त्याला?"

"मला वाटलं, पोरगी बोलली तर तुझं पण हे ओझं सुटंल."

"माझं काय सुटायचंय? तीन दिवस कामाला खाडा, दीड दिवस लेकरू उपाशी. मी पण." तिचा आवाज चढला, मंग मोबाईलच्या आवाजात बसला. "जा म्हणते मी. महिन्यातनं दोन दिवस खुशाल जा. तुमच्याशिवाय राहायची सवय आमाला पण करू दे. पण सांगून जा. आजारी नसलेल्या मावशीला मारू नका."

मी पोरीच्या बाजूला टेकले. तिनं बघितलं न्हाय, ते तर कधीच बघत न्हाय. माझा हात आपणहून झाकणाकडं गेला, तीन बोटांनी घास झाला, तिच्या तोंडापाशी गेला. तिनं माझा हात बाजूला केला. रागानं न्हाय. दारातलं मांजर सारतात तसा. आन आपला भात खायला लागली.

घास माझ्या हातात राहिला. तो कुठं ठेवायचा ते मला कळेना. शब्द एक बोलली न्हाय ती.

सुनेनं माझ्याम्होरं ताट सरकवलं. "आत्या, तुमी पण घ्या आता, हिच्याबरोबरच."

नऊ वरसं मी पोरीला भरवून, भांडं पुसून, मंग जेवले. थंड भाताचीच सवय. त्या दिवशी भातातनं वाफ येत व्हती. मी अंदाज न घेता हात घातला आन बोटं भाजली. दोन घास खाल्ले का पोरीकडं बघायची, परत दोन घास.

"तिकडं काय बघता?" सून म्हणाली. "जेवा."