रंगाऱ्याचं बोलत चालणं

आमच्या वरच्या मजल्यावर एक रंगारी राहतो. त्याच्याबद्दल कुणीतरी नीट लिहायला हवं होतं. तसं कुणी लिहीत नाही, म्हणून मी बसलो आहे. चुकलंमाकलं तर ते माझं.

त्याने आयुष्यभर उंच इमारती बाहेरून रंगवल्या. गच्चीवरून दोर सोडायचे, त्यांना फळी टांगायची आणि त्या फळीवर बसून भिंत वरून खाली रंगवत यायचं. त्या फळीला ते लोक झुला म्हणतात. मला स्टुलावर चढून बल्ब बदलायचा म्हटलं तरी मी एका हाताने कपाट धरून ठेवतो. हा गडी मात्र वाऱ्यात लोंबकळत खिडक्यांच्या कडा रंगवायचा.

वहिनींची, म्हणजे त्याच्या बायकोची, नजर काचबिंदूने जवळजवळ गेली आहे. उजेड-अंधार तेवढा कळतो. बाहेर पडल्या की त्या त्याचा कोपर धरून चालत आणि सारखं विचारत राहत. आत्ता कोण गेलं? शिंप्याचं दुकान उघडलं का? एवढा आवाज कसला? तो उत्तरं देई, आणि तेवढ्यावर त्यांना सगळा रस्ता दिसे.

मागच्या थंडीत दोघं जिन्यावरून पडले. त्याच्या कमरेला मुका मार लागला, वहिनींचं मनगट मोडलं. परगावची मुलगी धावत आली आणि तिने आईच्या उशाशी बसून सांगितलं, "आता पुरे. आई माझ्याकडे येईल, बाबा दादाकडे जातील. दोघांना एकत्र ठेवण्याइतकी जागा आमच्यापैकी कुणाकडेच नाही."

वहिनी म्हणाल्या, "मी काय कपाट आहे का गं, इथून उचललं नि तिथे ठेवलं?"

बराच वाद झाला. शेवटी डॉक्टरांनी सुचवलेल्या तोल सांभाळण्याच्या वर्गाला रंगाऱ्याने जायचं, असं ठरलं. मुलगी म्हणाली, "आईचा हात बरा झाला की मी परत येईन. तुमच्या मागून चालून बघेन. मला धडकी भरली, तर आईला त्याच दिवशी घेऊन जाईन."

वर्ग दवाखान्याच्या तळमजल्यावर होता. मी नुसता सोबतीला गेलो होतो, पण वर्ग घेणाऱ्या मॅडमनी मलाही उभं केलं. जमिनीवर चिकटपट्टीची एक लांब रेघ होती आणि शेवटी पाय रुतणारी मऊ गादी. रेघेवरून पावलापुढे पाऊल ठेवत जायचं. मी भिंत सोडायला तयार नव्हतो. रंगारी मात्र तारेवरून चालावं तसा सरळ गेला.

"वा काका!" मॅडम म्हणाल्या. "आता तसंच चाला, आणि चालता चालता भाज्यांची नावं सांगा."

तो निघाला. "भेंडी," म्हणाला आणि जागच्या जागी उभा राहिला. मग एक पाऊल. "वांगी." पुन्हा उभा.

"थांबायचं नाही हं काका."

"मी कुठे थांबलो?"

सगळे हसले. कोपऱ्यातल्या निवृत्त मास्तरीणबाई म्हणाल्या, "अहो, भाजी निवडताय की चालताय?" रंगाऱ्याचा चेहरा पडला. आपण थांबतो हे त्याला खरोखरच ठाऊक नव्हतं.

परतताना तो दवाखान्याच्या बाकावर बसला आणि म्हणाला, "लेका, आम्ही पडलो ना, तेव्हा माझा पाय सरकला नव्हता."

मग त्याने सगळं सांगितलं. झुल्यावरच्या माणसाशी बोलायचं नाही, असा त्यांच्या धंद्यात नियम होता. कुणी हाक मारलीच, तर आधी अंग आवरायचं, दोन्ही हातांनी दोर धरायचा आणि मग उत्तर द्यायचं. नवा पोरगा हलता हलता बोलला, तर मुकादम खाली उतरवून कानशिलात द्यायचा. ती सवय रंगाऱ्याच्या हाडांत मुरली होती. तरणा होता तोवर जमिनीवर खपून गेली. आता वय झालं, आणि प्रश्न आला की पाय आपोआप रुतू लागले. त्या दिवशी अर्ध्या जिन्यात वहिनींनी विचारलं, "दार ओढून घेतलं ना?" तो उत्तर द्यायला थांबला. वहिनींचा पाय पुढच्या पायरीकडे गेला होता. कोपर मागे राहिला, त्या पुढे गेल्या आणि त्यांच्या ओझ्याने तोही गेला.

"म्हणजे मीच पाडलं तिला," तो म्हणाला.

मी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि परत घेतला.

त्या दिवसापासून त्याने वहिनींना बाहेर बोलायला बंदी केली. त्याही बिचाऱ्या ओठ मिटून चालू लागल्या. एकदा जिन्यात भेटल्या तेव्हा मला म्हणाल्या, "भाऊजी, पोत्यात घालून नेल्यासारखं वाटतं हो. पण बोलले आणि पडले तर मुलगी नेईल. म्हणून गप्प."

मॅडमना हे कळलं तेव्हा त्यांनी डोक्याला हात लावला. "काका, रस्ता काही गप्प बसणार नाही. कुणी हॉर्न वाजवेल, कुणी हाक मारेल. डोकं आणि पाय एकाच वेळी चालायला शिकले पाहिजेत. सोप्यापासून सुरू करू. नुसतं गुणगुणा." मग गुणगुणण्यावरून दिसेल त्याचा रंग सांगण्यावर, आणि तिथून शंभरातून सात-सात वजा करण्यावर गाडी आली. घरी सराव म्हणून आमच्या मजल्यावरच्या बोळात त्याने चालायचं आणि मी प्रश्न विचारायचे. मला माणसांना प्रश्न विचारायची सवय नाही.

"जेवलास का?" मी विचारी.

"अरे, डोकं चालेल असं काहीतरी विचार!"

एकदा मी धीर करून विचारलं, "अंगाला न चिकटणारा रंग कोणता?" तो विचार करत चालत राहिला, थांबला नाही, आणि मी हरखलो. तेवढ्यात त्याचा डावा पाय उजव्यात अडकला. मी त्याला कवेत धरलं आणि दोघंही भिंतीवर आदळलो. त्याचं काळीज माझ्या छातीवर धडधडत होतं, नाहीतर ते माझंच असेल.

"थांबलो की ती पडते," तो हळूच म्हणाला, "आणि नाही थांबलो की मी पडतो."

मुलगी ठरल्याप्रमाणे आली. येताना एक रिकामी बॅग घेऊन आली, ती मी पाहिली. सगळ्यांनी रस्त्यापलीकडच्या औषधाच्या दुकानापर्यंत जायचं ठरलं. पुढे ती दोघं, मागे मुलगी, तिच्यामागे मी. जिना नीट उतरला. वहिनींच्या तोंडातून शब्द नाही. फुटपाथही नीट गेला. मुलीचे खांदे सैल झालेले मला दिसले. असाच गप्प राहिला असता तर काम झालं होतं. माझ्या मनात तेच चाललं होतं: बाबा रे, गप्प राहा.

रस्ता ओलांडताना मधोमध तो बोलला.

"समोरच्या इमारतीला कुणीतरी पिवळा मारलाय."

त्याचं पाऊल अडखळलं. मुलगी ओरडली, "बाबा, बोलू नका!" एक स्कूटर वळसा घालून गेली. तो कलला, वहिनींनी कोपर घट्ट दाबला, आणि पाऊल पुढे पडलं.

"कसला पिवळा?" वहिनींनी विचारलं. इतक्या दिवसांनी पहिल्यांदाच.

"घाण. खाली... पुट्टी नीट नाही. पावसाळ्यात... पोपडे निघतील." शब्द तुटत होते, पण पाय चालत होते. फुटपाथची कड आली. "पायरी आहे," तो म्हणाला आणि हे म्हणतानाच चढला. वहिनी चढल्या.

मुलगी रस्त्यातच उभी राहिली होती. मीच तिला दंडाला धरून पलीकडे नेलं. ती रडत होती आणि रागावलीही होती. "गप्प चालला असतात तर काय बिघडलं असतं?"

"तुझ्यासमोर गप्प चाललो असतो," रंगारी म्हणाला. मानेवरून घाम ओघळत होता. "मग उद्यापासून हिने काय जन्मभर मुकं राहायचं?"

संध्याकाळी मुलगी गेली. बॅग घेऊन गेली, आईला नाही. पण जाताना मला म्हणाली, "काका, लक्ष ठेवा. मला अजून धडकी भरतेच."

तिला काय सांगणार? मलाही भरते. रोज सकाळी ती दोघं उतरतात तेव्हा मी दाराआड उभा राहतो. वहिनींचे प्रश्न आणि त्याची तुटक उत्तरं पायरी-पायरीने खाली जात असतात. आवाज मध्येच थांबला की माझा हात कडीवर जातो. आज थांबला होता. मी चप्पल न घालताच जिन्यापर्यंत गेलो. दोघं खालच्या वळणावर उभी होती, तो कठडा धरून धापा टाकत होता.

"काय झालं?" मी वरून विचारलं.

"काही नाही रे," तो म्हणाला, आणि उत्तर देता देताच त्याने पुढच्या पायरीवर पाय ठेवला.