बंद ॲपची घंटी

या धाग्यावरचे भुताखेतांचे अनुभव मी आजवर टाईमपास म्हणून वाचत आलो. पांढऱ्या साडीतली बाई, पिंपळाखालचा म्हातारा... वाचायचं, हसायचं आणि बंद करायचं. एका बिचाऱ्यानं फार मनापासून लिहिलं होतं, त्याच्या खाली "झोप पूर्ण करत जा" अशी कमेंटही मी टाकलेली आहे. त्यामुळं आता तुम्ही मला हसलात तर माझी तक्रार नाही. माझ्या अनुभवात भूत नाही, बाई नाही, अमावस्याही नाही. एक कीपॅडचा मोबाईल आहे आणि मी स्वतःच्या हातानं लिहिलेला एक प्रोग्राम आहे. म्हणूनच तर डोकं फिरतं! दुसऱ्याचं काही असतं तर सोडून दिलं असतं. हे माझं आहे, त्याची ओळ न ओळ मला पाठ आहे, आणि तरी...

असो. नीट सांगतो. मी दिग्रसचा, जिल्हा यवतमाळ. तेव्हा बसस्टँडजवळच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचो. शुद्ध लिहायचा प्रयत्न करतो, पण राग आला की वऱ्हाडी निघते, सांभाळून घ्या.

काळ म्हणजे कापसानं सगळ्यांचाच जीव काढलेला, ती वर्षं. वरून लोडशेडिंग. टचस्क्रीन फोन आमच्याकडे अजून कोणी पाहिला नव्हता. ज्याच्या त्याच्या खिशात कीपॅडचा डबडा, मागच्या झाकणाला रबरबँड. या डबड्यांसाठी बारीकसारीक ॲप बनवायचा मला नाद होता. एक क्विंटलचे मण करून द्यायचा, एक स्क्रीन पांढरी करून टॉर्चसारखा चालायचा. सगळं फुकट, आणि ओपन सोर्स... म्हणजे आतला कोड नेटवर उघडा ठेवलेला, ज्याला पाहिजे त्यानं घ्यावा, बदलावा. घरी याला रिकामटेकडे धंदे म्हणायचे.

यातला एक ॲप मात्र तुफान चालला. नाव 'लाईन'. आमच्याकडे विजेला लाईनच म्हणतात. शेतातल्या मोटारींना एक आठवडा दिवसा लाईन, एक आठवडा रात्री, आणि कोणत्या गावाला कधी ते कोणाच्या लक्षात राहायचं नाही. मी ते वेळापत्रक ॲपमध्ये भरलं. गाव निवडा, लाईन कधी येणार नि कधी जाणार ते दिसेल. वेळ झाली की घंटी वाजेल. घंटीचा सूर मी स्वतः बसवला होता, खालून वर चढत जाणारा, किर्र करून संपणारा. तसा सूर फोनच्या रिंगटोनमध्ये कुठंच नव्हता. स्टँडसमोर सलीमभाईचं मोबाईल रिपेअरिंगचं दुकान होतं, तो आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ब्लूटूथनं हा ॲप टाकून द्यायचा.

आता दोन गोष्टी लक्षात ठेवा, पुढं सगळं त्यांच्यावरच आहे. एक, या ॲपला विजेचं काहीही कळत नाही. तो फोनचं घड्याळ बघतो आणि मी भरलेला तक्ता बघतो, बस. दुसरी, त्या जुन्या फोनमध्ये ॲप उघडा असेल तरच चालायचा. लाल बटण दाबलं की तो मेला. मेलेला ॲप वाजत नाही.

माझी ताई दिग्रसहून पुसदकडे जाताना आत एक गाव आहे, तिथं दिलेली. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. प्रल्हाद भाऊजींची विहीर, मोटार आणि कापूस. माणूस सोन्यासारखा, पण ऐकून घेणं हा प्रकार नाही. त्यांच्या शेताजवळ डीपी आहे, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, खाली फ्यूजची पेटी. तिचं वीज बंद करायचं हँडल कधीचं गंजून जाम झालेलं. फ्यूज उडाला की लाईनमनची वाट पाहत बसायला कोणाला वेळ नाही, तिकडं कापूस वाळून जातो. मग लोक काय करायचे, वेळापत्रकाप्रमाणं लाईन गेलेली असली की स्वतःच पेटी उघडून तार टाकायचे. आधी टेस्टर लावून बघायचे, नाही असं नाही. पण सगळा भरवसा वेळापत्रकावर. हे चूक आहे हे सगळ्यांना माहीत होतं आणि सगळेच करत होते.

एका दुपारी क्लासमध्ये भाऊजींचा फोन आला. त्या आठवड्यात त्यांच्याकडे रात्रीची लाईन होती, म्हणजे दुपारी तारा मेलेल्या. तीनपैकी एका फेजचा उडालेला फ्यूज टाकायला म्हणून त्यांनी पेटी उघडली, टेस्टर घरी राहिला होता, हात पुढं केला आणि खिशात माझी घंटी वाजली. हे चिडले. मला शिव्या घालायला म्हणून तिथंच उभं राहून फोन लावला, की तुहं हे काय भलत्या टायमाले बोंबलून राह्यलं. मी म्हटलं, घड्याळ चुकलं असेल, बघतो. तेवढ्यात ते बोलता बोलता ओरडले, की लाईन आली. विहिरीवरच्या खोलीतला बल्ब पेटला होता.

त्या दिवशी अवेळी लाईन का सोडली ते कोणालाच कळलं नाही. कोणी म्हणे टेस्टिंग, कोणी म्हणे कोणा मोठ्या माणसाचा दौरा. ते सोडा. ताईनं संध्याकाळी फोन करून मला नुसता आशीर्वाद दिला. मी मात्र रविवारी एसटीनं गावी जाऊन भाऊजींचा फोन तपासला. घड्याळ बरोबर. तक्ता बरोबर, त्या दुपारी त्यात काहीच नव्हतं. आणि ॲप? भाऊजी म्हणाले, बंद होता. सकाळी पाहून लाल बटण दाबलं होतं, बॅटरी खातो म्हणून.

मी तो फोन तासन्‌तास छळला. ॲप बंद करून घड्याळ पुढं-मागं केलं, बॅटरी काढली, घातली. एकदाही वाजला नाही. घरी येऊन कोड पुन्हा वाचला. प्रोग्रामरांच्या एका इंग्रजी फोरमवर विचारलं, तर त्यांनी मला फोन बदलायचा सल्ला दिला. शेवटी मी ठरवलं की भाऊजींना आठवत नाही, ॲप उघडाच राहिला असेल, आणि कुठंतरी बारीक बग असेल. लाईन येणं हा योगायोग. माझ्यापुरतं प्रकरण मिटलं.

गावापुरतं ते तिथून सुरू झालं. पंधरवड्यात सलीमभाईच्या दुकानासमोर गर्दी. लोकांना टॉर्च नको, मण नको, 'लाईनवाला' पाहिजे. लाईन असली की ओरडतो म्हणे! सलीमभाई खूश, मला चहा पाजायचा, आणि मी त्याच्यापुढं डोकं आपटत होतो. अरे बाप्पा, ह्याले काहीच समजत नाही, हे नुसतं घड्याळ आहे! तो म्हणायचा, भाई, लोकांचा जीव वाचून राहिला तर तुमचं काय जातं?

काय जातं? हेच जातं ना, की फोन वाजला नाही म्हणजे लाईन नाही, असं लोक धरून चालले. टेस्टर खुंटीला अडकले. मी नवी आवृत्ती काढली. ॲप उघडला की आधी मोठ्या अक्षरांत सूचना, 'हे फक्त वेळापत्रक आहे, टेस्टर लावल्याशिवाय हात लावू नका', आणि मग 'ठीक' दाबल्याशिवाय पुढं जाता यायचं नाही. एकानंही ठेवली नाही. जास्तीचं बटण दाबायची कटकट नको, म्हणून सगळ्यांनी सलीमभाईकडून जुनीच टाकून घेतली. मी जुनी नेटवरून काढली, तर काय उपयोग... ती फोनाफोनातून ब्लूटूथनं फिरतच होती. मी ज्याला त्याला समजावत सुटलो. क्लासमध्ये, स्टँडवर, पानठेल्यावर. लोक ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, याचा स्वभाव साधा आहे, मोठेपणा घेत नाही. सांगा, अशा लोकांचं काय करावं?

मग एक दिवस ताईचा फोन आला, आणि आवाज नेहमीचा नव्हता. भाऊजी आता दुसऱ्यांच्या डीपीवरही जायला लागले होते. फ्यूज उडाला की गाव त्यांनाच हाक मारायचं, कारण पहिली घंटी त्यांच्या फोनवर वाजली होती. हेही छाती काढून जायचे. आधी निदान भीती होती, आता तीही राहिली नव्हती.

"यायनं टेस्टर घेणंबी सोडलं रे गजू," ताई म्हणाली. "मी बोलली तर म्हंतेत, तुह्या भावाचंच यंत्र आहे, तुलेच भरवसा नाही काय. माह्या घरचा माणूस जाईन तुह्या त्या खेळण्यापाई."

त्या वाक्यानं मला झोप लागली नाही. रविवारी नवा टेस्टर विकत घेतला आणि पहिली एसटी पकडली.

पोचलो तर भाऊजी घरी नव्हते. शेताकडं फ्यूज टाकायला गेले म्हणून ताईनं सांगितलं, तसा मी पळत गेलो. डीपीखाली शेजारचे चारपाच शेतकरी जमलेले, भाऊजी तार सोलत होते. दिवसाढवळ्या, ऊन डोक्यावर. वेळापत्रकाप्रमाणं लाईन नव्हती. मी सरळ त्यांच्या खिशातून फोन काढून घेतला, सगळ्यांसमोर मेनू उघडला आणि 'लाईन' डिलीट केला. मग म्हटलं, घ्या, आता वाजवून दाखवा. ह्याच्यात आता काहीच नाही आणि आधीबी काहीच नव्हतं. तुमी कायले जिवावर उदार झाले?

भाऊजी भडकले. चार लोकांत साळ्यानं खिशात हात घातला, कोणालाही राग येईलच. त्यांनी मला ढकललं नाही, एवढंच. तार घेऊन तसेच पेटीकडं वळले. मी टेस्टर पुढं केला तर म्हणाले, ठेव तुह्याजवळच.

आणि फोन वाजला.

माझ्या हातात होता. तोच सूर, खालून वर चढणारा, शेवटी किर्र. स्क्रीनवर काही नाही. कॉल नाही, मेसेज नाही, अलार्म नाही. मी मेनू उघडला, तिथं 'लाईन' नव्हता. आताच तर मी काढला होता, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. भाऊजींचा हात पेटीच्या अलीकडं थांबलेला.

मी पुढं झालो. टेस्टर लावला... पेटला नाही. दुसऱ्या फेजला लावला, तिसऱ्याला लावला. नाही. टेस्टर बिघडला असेल म्हणून एकाला वेगळ्या वाहिनीवरच्या, लाईन चालू असलेल्या गिरणीत पाठवलं, तिथं तो लखलखीत पेटला. परत आणून पुन्हा लावला. नाही. तारा मेलेल्याच होत्या.

भाऊजींनी माझ्याकडं पाहिलं. राग उतरला होता, आणि त्यांनी अगदी खरं विचारायचं म्हणून विचारलं.

"टेस्टर तुहा, ॲप तुहा, शिकेल माणूस तू. थे वाजणं खोटं आहे ना? मंग टाक तूच फ्यूज. मी तुह्या हाती तार देतो."

मी तार घेतली. पेटीसमोर उभा राहिलो. सगळं मला पाठ होतं. वेळापत्रकात लाईन नाही, टेस्टरमध्ये लाईन नाही, फोनमध्ये ॲप नाही. जे तीन महिने मी सगळ्या तालुक्याला ओरडून सांगत होतो ते आता फक्त करून दाखवायचं होतं. हात वर नेला... आणि तो पुढं जाईना. मी पुन्हा प्रयत्न केला. मग तार भाऊजींच्या हातात परत दिली आणि म्हटलं, नाही होत. लाईनमनला बोलवा.

आम्ही संध्याकाळपर्यंत तिथंच बांधावर बसलो. लाईन येते का बघायला. ती आली नाही. रात्री ठरल्या वेळेला आली. म्हणजे घंटी खोटी होती की काय होतं? मी हात लावला असता तर काय झालं असतं? त्या फोनचं मी नंतर सगळं उघडून पाहिलं, सलीमभाईनंही पाहिलं. पुन्हा तो कधीच वाजला नाही.

भाऊजींनी मात्र त्या दिवसापासून डीपीला हात लावणं सोडलं. मोटार दोन दोन दिवस बंद राहिली, कपाशीनं माना टाकल्या, तरी लाईनमनची वाट बघतात. गावातल्या बाकीच्यांनीही सोडलं. ताई भेटली की अजूनही म्हणते, गजूनं माह्या घराले वाचवलं. मला तेव्हा इतकी चीड येते की काय सांगू. घसा कोरडा होईस्तोवर समजावलं ते एकानं ऐकलं नाही, सूचना लिहिली ती एकानं वाचली नाही. मी भ्यालो, तेवढंच सगळ्यांनी पाहिलं.