साडूंचा लॅपटॉप आणि बाजूची खुर्ची

माझ्या साडूंइतका सच्चा माणूस मुलुंडमध्ये नाही, मुंबईत नाही, आणि शोधायला बाहेर पडलात तर कल्याणच्या पुढेही सापडायचा नाही. उभ्या आयुष्यात त्यांनी वाईट वस्तूला चांगलं म्हटलेलं नाही आणि चांगल्या वस्तूला वाईट म्हटलेलं नाही. माणसांनाही ते हाच नियम लावत असल्यामुळे त्यांच्याकडे फारसं कुणी जात नाही, हा भाग वेगळा. पंख्यांच्या कारखान्यात ते तीस वर्षं तपासनीस होते. तयार झालेला पंखा टांगायचा, फिरवायचा, कान द्यायचा आणि निकाल लावायचा. शर्टाच्या खिशात दोन खडू. पंखा पास असेल तर पांढरी खूण, नापास असेल तर लाल फुली. कारखाना कधीच बंद झाला, त्या जागी आता तीस मजली इमारत उभी आहे, पण खडू अजून खिशात आहेत. एकदा आमच्या एका नातेवाइकांकडे सत्यनारायण होता. साडू मान वर करून, डोळे अर्धवट मिटून, ओठांतल्या ओठांत पुटपुटत बसलेले. गुरुजींना वाटलं, एवढा तल्लीन श्रोता वर्षा-दोन वर्षांतून एखादाच मिळतो. त्यांनी आवाज चढवला, कथा लांबवली. आरती संपताच साडू उठले आणि यजमानांना म्हणाले, "तिसऱ्या पात्याला बाक आहे. मिनिटाला दोनदा अडखळतो. प्रसाद मात्र उत्तम." स्टुलावर चढून त्या पंख्यावर लाल फुली मारल्याशिवाय त्यांनी त्या उत्तम प्रसादालाही हात लावला नाही.

मलाही त्यांनी तपासलेलं आहे. मी मुलगी बघायला गेलो, तेव्हा घरातले थोरले जावई म्हणून हेच समोर बसले होते. नोकरी, पगार, घर हे प्रश्न सासऱ्यांनी विचारले. मी निघताना दारात हे म्हणाले, "जरा तिथपर्यंत चालून दाखवा." मी चाललो! नवरा मुलगा म्हणून गेलेलो मी त्या चाळीच्या गॅलरीत कवायत केल्यासारखा जाऊन आलो आणि तिकडे आत मुली फिदीफिदी हसत होत्या. साडूंनी माझे बूट उचलून पाहिले. "उजवी टाच जास्त झिजते. तिरका चालतो. दोष किरकोळ आहे, वापरात अडचण येणार नाही." घरी गेल्यावर आईला माझ्या शर्टाच्या पाठीवर पांढऱ्या खडूची खूण सापडली. होकाराचा निरोप दुसऱ्या दिवशी आला. निकाल आदल्या दिवशीच लागला होता.

साडू हे नातं मोठं गमतीचं. दोन बहिणी म्हणजे दोन खांब, त्यांच्यामध्ये बांधलेली एक दोरी आणि तिच्यावर वाळत घातलेले आपण दोघे. आपलं आपलं असं त्यात काही नसतं. तीन वर्षांपूर्वी ताई, म्हणजे माझ्या बायकोची मोठी बहीण, गेली. एक खांब गेला. दोरी लगेच तुटत नाही, नुसती सैल होते. पहिल्या वर्षी आम्ही दर महिन्याला मुलुंडला गेलो. दुसऱ्या वर्षी सणावारी. तिसऱ्या वर्षी मी त्यांना रोज सकाळी फोनवर फुलांचं चित्र पाठवत होतो आणि तेवढ्यावर माझं मन शांत होतं. त्यांचं उत्तर फक्त एकदाच आलं: "फूल प्लास्टिकचं आहे."

अशात एका शनिवारी त्यांचा फोन. "मेल्या, दोन लॅपटॉप आहेत. एक घ्यायचाय. उद्या ये."

माझं संगणकाचं ज्ञान पासवर्ड विसरण्यापुरतंच आहे, पण ऑफिसात माझ्या टेबलावर एक संगणक असतो म्हणून सासुरवाडीत मला तज्ज्ञ मानतात. बोरिवलीहून मुलुंडला जाणं म्हणजे उपनगरवाल्यांचं सीमोल्लंघन. तेही मी केलं. दुकानात दोन लॅपटॉप शेजारी शेजारी मांडले होते, एक काळा आणि एक करडा. दोन्ही स्वस्तातले, किमतीत उन्नीस-बीस. काळा चपळ होता, त्यात जागाही दुप्पट. करडा जरा आळशी, उघडायला वेळ घेणारा. दोन मिनिटांत मी निकाल दिला: काळा. साडूंनी माझ्याकडे असं पाहिलं, की माझी टाच आपोआप सरळ झाली.

काउंटरवरच्या बाई चाळिशीच्या, हसऱ्या. त्यांनी विचारलं, "काका, यूज काय तुमचा?"

"रोजचा."

"हो, पण रोज काय करणार त्यावर?"

पंख्यांच्या तीस वर्षांत ज्यांना कुणी निरुत्तर केलं नव्हतं, ते साडू त्या एका प्रश्नासमोर उभेच राहिले. खिशातले खडू चाचपले. मग म्हणाले, "पुढच्या रविवारी सांगतो," आणि सरळ बाहेर पडले.

तो आठवडा त्यांनी रोजचा वापर गोळा करण्यात घालवला. सोसायटीतली दारं वाजवून विचारत होते, "तुम्ही लॅपटॉपवर काय करता?" पहिल्या मजल्यावरच्या शिक्षिकेने प्रश्नपत्रिका काढते म्हणून सांगितलं, दुसऱ्या मजल्यावरच्या जोडप्याने तिकिटं, तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त गृहस्थांनी बुद्धिबळ. चौथ्या मजल्यावरच्या एकाने दारच उघडलं नाही. पुढच्या रविवारी साडूंनी कागद उलगडून दुकानात मोठ्याने वाचला. "एक, तिकीट काढणे."

"कुठलं?" मी विचारलं.

"ते ठरायचंय. दोन, प्रश्नपत्रिका."

"अहो, कुणाला?"

"तू मधे बोलू नकोस रे! तीन, बुद्धिबळ."

"तुम्हाला येतं?"

"लॅपटॉपला येतं ना!"

बाई हसून हसून खुर्चीत बसल्या. "काका, याला दोन्ही चालतील. कुठलाही घ्या." पण कुठलाही हा शब्द साडूंच्या कोशात नाही. त्यांनी तपासणी सुरू केली. दोन्ही झाकणं एका बोटाने पंचवीस-पंचवीस वेळा उघडली. काळ्याच्या पोटाला कान लावून म्हणाले, "पंखा कोरडा आहे, पण टिकेल." करड्याला कान लावला आणि बराच वेळ काढलाच नाही. मागे रांग लागली. एका गृहस्थाने मला हळूच विचारलं, "डॉक्टर आहेत का?" मी म्हटलं, "हो, छातीचे." गृहस्थ आदराने दोन पावलं मागे सरकले.

तिसऱ्या रविवारी नवीनच प्रकार. स्वतः लॅपटॉपसमोर बसले आणि मला म्हणाले, "तू बाजूला बस. तिकडे नाही, डावीकडे. अजून जरा लांब. आता सांग, काय दिसतंय?"

काळ्याचा पडदा समोरून झकास होता, पण बाजूने पाहिलं की सगळं अंधारायचं. पडद्यावर एक बाई नाचत होती, ती मला कोळशाच्या खाणीत नाचल्यासारखी दिसली. करड्याचा पडदा मात्र कुठूनही तसाच, स्वच्छ.

"काळा नापास," साडू म्हणाले.

"अहो, पण तो फास्ट आहे! आणि समोरून तर छान दिसतोय ना? समोर तुम्हीच बसणार. बाजूला कोण बसणारे?"

बोलून गेलो. साडूंनी मान खाली घालून काळ्याचं झाकण सव्विसाव्यांदा मिटलं. बाई मध्ये पडल्या, "काका, चहा मागवू?" चहा आला. तोही त्यांनी पास केला.

चौथ्या रविवारी मी कंटाळलो होतो, हे लपवण्यात अर्थ नाही. बोरिवलीत आमच्याकडे पाहुणे होते, बायको वाट बघत होती. मी म्हटलं, "साडूभाऊ, करडा घ्या आणि मोकळे व्हा." साडू म्हणाले, "एवढ्यात? बॅटरी बघायची राहिलीय." मी बॅटरीचं पुढचं बोलूच दिलं नाही. लॅपटॉप घेतला, रिक्षात बसवून त्यांना सोसायटीच्या फाटकाशी सोडलं. ते म्हणाले, "वर ये, लावून दे." मी म्हटलं, "लागलेलाच आहे, बटण दाबायचं फक्त." रिक्षा वळवली. मागे पाहिलं तर खोकं दोन्ही हातांनी छातीशी धरून ते फाटकातच उभे होते.

मग सहा रविवार मी गेलो नाही. फुलं पाठवत राहिलो.

सातव्या रविवारी सकाळी फोन वाजला. "मेल्या, लॅपटॉपात दोष आहे."

"काय झालं?"

"बाजूने अंधारतो. मला एकट्याला नीट तपासता येत नाही. समोरून उठून बाजूला जाईपर्यंत तो झोपी जातो. दोन माणसांचं काम आहे."

मी दुपारी मुलुंडला पोचलो. दार उघडंच होतं. हॉलमध्ये पंखा फिरत होता, अर्थात नि:शब्द. टेबलावर करडा लॅपटॉप, समोर त्यांची खुर्ची, आणि डावीकडे जराशी लांब दुसरी खुर्ची. त्या खुर्चीच्या चारही पायांभोवती फरशीवर पांढऱ्या खडूच्या खुणा होत्या. खुणा एकदाच काढलेल्या नव्हत्या. फरशी पुसली जायची आणि ते पुन्हा काढायचे, हे खालच्या फिकट रेघांवरून कळत होतं.

ही जागा माझ्या ओळखीची होती. ताई इथेच बसायची, मेथी निवडत. टीव्ही कधी समोरून बघायची नाही. "अहो, मला इथून सगळे काळे दिसतात," असं दर पाच मिनिटांनी म्हणायची, आणि साडू दर पाच मिनिटांनी उठून टीव्ही बोटभर तिच्याकडे वळवायचे. तेव्हा आम्ही त्यावरून दोघांची केवढी थट्टा केली होती.

मी खुणांमधल्या खुर्चीत बसलो. साडूंनी लॅपटॉप उघडला. पडद्यावर डोंगराचं चित्र, दुकानात होतं तेच. दुसरं काहीच त्यांनी त्यात घातलेलं नव्हतं. मला डोंगरावरच्या झाडांचं पान न् पान दिसत होतं.

"अंधारतोय ना?" साडूंनी विचारलं. माझ्याकडे न बघता.

तीस वर्षं पंख्यांशी आणि त्यानंतर सगळ्या जगाशी खरं बोललेला माणूस. मी मात्र जन्माचा थापाड्या. मला काय कठीण?

"अंधारतोय," मी म्हणालो. "कोपऱ्यात जरा."

"म्हटलं नव्हतं?" ते म्हणाले आणि त्यांचा हात सवयीने खिशात गेला. लाल खडू बाहेर आला. करड्या झाकणापाशी येऊन थांबला, बराच वेळ थांबला. फुली काही मारवेना. खडू त्यांनी पुन्हा खिशात ठेवला.

"एका दिवसात निकाल लावणं बरोबर नाही," साडू म्हणाले. "पुढच्या रविवारी परत बघू."

"बघू," मी म्हटलं. "सकाळीच येतो. उन्हात वेगळा दिसत असेल."

ते चहा ठेवायला उठले. आत कप दोनदा विसळल्याचा आवाज आला. मी तिथेच बसून राहिलो, त्या स्वच्छ डोंगराकडे बघत, खुणांच्या बाहेर पाय जाणार नाही अशा बेताने.