सूर ते मस्कत, एका बंद पेटीसोबत

ओमानला जाणार म्हटल्यावर मैत्रिणींनी किनाऱ्यांची यादी पाठवली. मी मात्र सूरहून मस्कतच्या प्रदर्शनात एक चित्र पोहोचवायला निघाले होते. मुंबईत मी जुने कागद जतन करण्याचं काम करते. चित्रासोबत एकटीने जायची ही पहिलीच वेळ. मुख्य नियम एकच: पेटी नजरेआड करायची नाही.

सूरला मालकांनी आधी कहवा आणि खजूर समोर ठेवले, मग चित्र. शंभरहून अधिक वर्षांपूर्वी पॅसिफिकमधल्या बेटावर राहिलेल्या एका फ्रेंच चित्रकाराने लाकडात कोरून छापलेलं. तिथल्या लोकांचा देव काळोखात उकिडवा बसलाय, पायाशी विस्तव. कोरलेल्यापेक्षा न कोरलेला काळा भागच जास्त. विस्तवाचा केशरी रंग हाताने लावलेला, पाण्याने सुटणारा. एक थेंब पुरे.

गाडी चालवणारे सावंतकाका मालवणचे, आधी बरीच वर्षं मासळीच्या गाडीवर होते. पेटी भरताना डोकावून म्हणाले, "ह्यो तर आमच्या राखणदारासारखो दिसता." मी मान हलवली आणि स्क्रू आवळले.

सूर ते मस्कत साधारण अडीच तास. रस्ता उत्तम, टोल नाही. एकशेवीसच्या वर गेलात की गाडी टिंगटिंग करते. उजवीकडे समुद्र. वादी शाबच्या दरीपाशी तुम्ही जरूर थांबा, मी थांबले नाही. पेट्रोलपंपावर मात्र थांबावं लागलं. स्वच्छतागृहाला रांग होती. अकरा मिनिटं गेली.

परत आले तर पेटी बाहेर भिंतीच्या सावलीत, वर ओलं गोणपाट.

"बंद गाडयेत भट्टी होता, मॅडम," काका म्हणाले. "मासळीक आमी असाच करतो."

मी गोणपाट काढलं. लाकूड दमट लागलं. एसीत गार झालेल्या पेटीत ही दमट हवा शिरली असेल, तर कागदावर दव धरणार. उघडून बघावं, तर आणखी हवा आत जाणार.

"काय चुकला माझा?"

"उद्या कळेल."

काकांनी गोणपाटाची घडी घातली. मग म्हणाले, "माझ्या अर्बाबाक, शेठाक, सांगशात?"

मी पेटी परत गाडीत चढवायला घेतली.

मस्कतला प्रदर्शनाचं काम बघणारी सलमा वाटच बघत होती. "परवा उद्घाटन आहे. यल्ला, आत्ताच उघडू."

"चोवीस तास नाही. पेटी आधी इथल्या हवेला रुळू दे."

"काही झालंय का?"

"झालं असेल."

मस्कतमधल्याच अल हैलला मैत्रिणीकडे उतरले होते. जेवताना तिची लेक म्हणाली, "मावशी, तू सारखी सारखी वॉच का बघते?" मी घड्याळ काढून पर्समध्ये टाकलं. मग फोनवर वेळ बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी पेटी उघडली. झाकण फुगून अडकलं होतं. आतलं वेष्टन कोरडं. केशरी रंग जागेवर. सलमा हसली, मी प्रवासाचा अहवाल पुढे ओढला.

अहवालात 'प्रवासातील घटना' असा रकाना असतो. तो कोरा ठेवला असता तरी कुणाला कळलं नसतं. मी लिहिलं: पेटी अकरा मिनिटं माझ्या नजरेआड होती. चालकाला हाताळणीच्या सूचना मी दिल्या नव्हत्या.

मुंबईत वरिष्ठांनी विचारलं, "चित्र ठीक आहे ना? मग हे कशाला लिहिलंस?" पुढच्या दौऱ्याला दुसरी मुलगी जातेय. तिने माझ्याकडून तयारीची यादी मागितली. पहिल्या ओळीत मी लिहिलं: गाडी चालवणाऱ्याला आधी बसवून सगळं समजावून सांग.