चार बोटांचं अंतर

भोपाळहून नागपूर किती लांब आहे, सांगाल? मैल सांगू नका. कुणासाठी किती लांब, ते सांगा.

आमच्या कचेरीतले काका भिंतीवरच्या देशाच्या नकाशावर पंजा आडवा टेकवत आणि म्हणत, "चार बोटं तर आहे बाप्पा! विमानानं एक तास."

राज्यांची पुनर्रचना झाली, नागपूर दुसऱ्या राज्यात गेलं, त्याची राजधानी गेली आणि आम्हां कारकुनांना फायलींच्या पेट्यांबरोबर भोपाळला उतरवलं. पेट्या उतरवताना निदान "सांभाळून" असं कुणीतरी ओरडत होतं.

टी. टी. नगरातल्या क्वार्टरचा चुना अजून ओला होता. काकांची आई नागपूर सोडायला तयार नव्हती. "माझी माणसं इथं. तू येत जा म्हणजे झालं," म्हणाली. काकांनी तिला शब्द दिला, शेवटचं पाणी माझ्याच हातचं. आणि त्या एका तासाच्या भरवशावर ते निर्धास्त राहिले. विमानात कधी पाऊल ठेवलं नव्हतं! आमचे मोठे साहेब सरकारी विमानानं दौऱ्यावरून परतले की सांगायचे, चहा संपेतो पोचलो. ते अंतर काकांनी आपलंच धरलं.

मी चिडवायचो, "काका, तुमची गाडी तर रात्रभर डुलत जाते."

"सणावाराला गाडी रे. वेळ आली तर विमान आहे नं!"

वेळ आली. भर उन्हाळ्यात, दुपारी तार आली, आई अत्यवस्थ. त्याच संध्याकाळी सरकारी विमान साहेबांना घेऊन नागपूरला निघणार होतं. जागा रिकाम्या आहेत, हे साहेबांच्या ड्रायव्हरनंच सांगितलं. मी काकांना घेऊन आत गेलो.

काका हात जोडून म्हणाले, "साहब, कोने में बैठ जाऊँगा। माँ को पानी देना है।"

साहेबांनी मान वर केली नाही. "आज बाबू बैठेगा, कल चपरासी माँगेगा। रेल है न?"

रेल होती. काका पोचले तेव्हा शेजारी घाटावरून परतत होते. पाणी शेजारणीनं पाजलं होतं. विमान रिकाम्या खुर्च्या घेऊन केव्हाच उतरलं होतं. याला म्हणे आपलं राज्य!

ते कामावर आले तेव्हा भिंतीवर नव्या राज्याचा मोठा नकाशा लागला होता. सवयीनं त्यांनी भोपाळवर पंजा टेकवला. चार बोटं पुरेनात. हात खाली सरकवत सरहद्दीशी नेला. पलीकडे कोरा कागद होता. नागपूर त्यावर नव्हतंच. हात बराच वेळ तिथंच राहिला. त्यानंतर काका नकाशाकडे पाठ करून बसू लागले.

पुढच्या हिवाळ्यात ते त्याच क्वार्टरमध्ये वारले. नागपूरचं कुणी वेळेत पोचलं नाही. पाणी मी पाजलं.

वाचकहो, तुमच्यातले काही उद्या साहेब होतील. एक करा. विमान असो, जीप असो, निघण्याआधी रिकाम्या जागा मोजा. मग कचेरीत जाऊन मोठ्यानं विचारा, "कुणाला घरी पोचायचंय का?"